आंब्याच्या हंगामात अडकलेलं सिंक: एका हिशोबाच्या सहा फायली

पार्श्वभूमी

रत्नागिरी शहरात ऑफिस, पावस गावाच्या रस्त्यावर पॅकिंग शेड आणि वाशीच्या फळबाजारात गाळा, अशा तीन ठिकाणांहून चालणारा एका कुटुंबाचा हापूसचा धंदा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बिघाड जसाच्या तसा आहे.

ऑफिसात काकांचा डेस्कटॉप होता. त्यावर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर, पत्रव्यवहार आणि निर्यातीची कागदपत्रं. शेडवर मुकादमाकडे एक लॅपटॉप, तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाले. वाशीला पुतण्याचा लॅपटॉप. तिन्ही यंत्रांवर एकच वनड्राइव्ह खातं (फायली इंटरनेटवर ठेवून सगळ्या यंत्रांवर आपोआप सारख्या राखणारी, म्हणजे सिंक करणारी सेवा), १ टीबी जागेचं. सगळ्यांचा जीव ज्या फायलीत अडकलेला ती 'पेटी हिशोब' नावाची एक्सेल शीट. प्रत्येक टेम्पोमागे एक ओळ: बिल्टी म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा नंबर, बाग, डझनाचं माप, पेट्या, गाडी आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आल्यावर दर. ही शीट वर्षानुवर्षं मागल्या हंगामाच्या फायलीवरून 'सेव्ह ॲज' करत आलेली, त्यामुळे अजून जुन्या .एक्सएलएस प्रकारातच होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

काय बिघडलं

१८ एप्रिलला पुतण्या दोन दलालांच्या पट्ट्या जुळवायला बसला आणि फोल्डरमध्ये त्याला एकाच हिशोबाच्या सहा फायली दिसल्या. मूळ 'पेटी हिशोब', मग शेपटीला '-ऑफिसपीसी', '-शेडलॅपटॉप', '-शेडलॅपटॉप-२', '-वाशी' अशी यंत्रांची नावं लागलेल्या चार, आणि कुणीतरी वैतागून हाताने बनवलेली 'पेटी हिशोब अंतिम'. त्याने तारखेनुसार लावून सर्वांत वरची उघडली. ती '-ऑफिसपीसी' होती, शेवटचा बदल ४ सप्टेंबर. एप्रिल महिन्यात सप्टेंबरची तारीख. घाईत त्याकडे लक्ष गेलं नाही आणि सहा पट्ट्यांचे आकडे त्याने त्याच प्रतीत भरले.

ऑफिसच्या डेस्कटॉपवर वनड्राइव्हचा निळा ढग दिवसभर 'बदलांवर प्रक्रिया सुरू' असंच सांगत होता. निर्यात फोल्डरातल्या तीन फायलींवर लाल फुली होती. शेडच्या लॅपटॉपवर चूक कसलीच दिसत नव्हती, फक्त ढगावर थांबल्याची खूण होती. ती कुणी नीट पाहिली नव्हती.

पहिली तपासणी

जागा संपली का, हे आधी पाहिलं. नव्हती. विंडोजच्या टास्कबारवरच्या ढगावर टिचकी मारून सेटिंग्जमध्ये गेलं की वापरलेली जागा दिसते, ते एका मिनिटाचं काम आहे आणि फुकटच्या ५ जीबी खात्यावर बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं. इथे नाही सापडलं. मग तिन्ही यंत्रं वेगवेगळी तपासली आणि तीन वेगळी दुखणी हाती लागली.

शेडच्या लॅपटॉपवर ७ एप्रिलला कुणीतरी हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवलं होतं. विंडोजला कनेक्शन मीटर्ड आहे असं कळलं की वनड्राइव्ह आपणहून सिंक थांबवतं. मुकादमाचा दिवसाचा डेटा दुपारीच संपत होता, कारण पेट्यांचे फोटोही त्याच फोल्डरात जात होते. त्याने केलं ते त्याच्या जागी बरोबरच होतं. पण त्यामुळे नऊ दिवसांच्या नोंदी फक्त त्या लॅपटॉपवर राहिल्या. १६ तारखेला तो लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर आला, साठलेलं सगळं एकदम वर जायला निघालं आणि तिथे मूळ फाइल तोवर बदललेली होती. अशा वेळी वनड्राइव्ह कुणाचंच पुसत नाही, दुसरी प्रत यंत्राचं नाव लावून शेजारी ठेवतं. .एक्सएलएसएक्स फाइल असती तर ऑनलाइन असलेल्या दोघांना एकाच वेळी तिच्यात लिहिता आलं असतं. जुन्या .एक्सएलएसला ती सोयच नाही.

डेस्कटॉपवर दोन गोष्टी होत्या. पहिली, डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये घातलेलं आणि टॅलीचा डेटा त्याच डॉक्युमेंट्समध्ये. टॅली उघडं असताना त्याच्या फायली धरलेल्या असतात आणि प्रत्येक व्हाउचरला, म्हणजे नोंदीला, बदलतात. वनड्राइव्ह उचलायला जातं, फाइल पुन्हा बदलते, ते पुन्हा रांगेत लागतं. म्हणून ढग कधी शांत होत नव्हता. याहून वाईट म्हणजे वर पोचणारा डेटा अर्धवट असू शकतो. टॅलीची एक कंपनी म्हणजे अनेक फायलींचा संच. त्यातली एक अकराची आणि दुसरी सव्वाअकराची वर गेली, तर तो संच पुन्हा उघडेलच याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. एप्रिलमध्ये वळवाच्या सरी सुरू झाल्या की लाईट जायला लागते. दरवेळी लाईट गेली की हा डेस्कटॉप सकाळी काळ्या पडद्यावर थांबून 'एफ-१ दाबा' म्हणायचा आणि तारीख काही वर्षं मागे गेलेली असायची. तारीख एवढी चुकली की सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं विंडोजला अवैध वाटतात, वनड्राइव्हचं साइन-इन होत नाही आणि फाइल नुसती डिस्कवर बदलत राहते. ऑफिसमधला मुलगा रोज बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन तारीख घालत होता. बायोस आधी महिना विचारतं, मग दिवस. ९ एप्रिलला त्याने आपल्या सवयीने ०९ आणि मग ०४ भरलं. झाला ४ सप्टेंबर. फरक इतका मोठा असला की विंडोजची वेळ-सेवाही तो गुपचूप दुरुस्त करत नाही. त्या दिवशी सेव्ह झालेल्या प्रतीवर सप्टेंबरचा शिक्का बसला आणि ती सगळ्यांत 'ताजी' दिसू लागली.

समोरचे पर्याय

दुरुस्तीला आलेल्या माणसाचा सल्ला सरळ होता: "रीसेट मारू काका, दोन मिनिटांचं काम." रीसेटने फायली पुसल्या जात नाहीत, हे खरं. पण कुठली फाइल कुठवर सिंक झाली याची वनड्राइव्हची आठवण जाते आणि ते सगळं पहिल्यापासून पडताळत बसतं. वर न गेलेले बदल तीन यंत्रांवर विखुरलेले असताना हे केलं की शेपटीवाल्या प्रती आणखी वाढण्याची शक्यता असते. खातं तोडून पुन्हा जोडण्यातही तोच धोका, शिवाय ज्या फायलींवर नुसता निळा ढग आहे त्या यंत्रावर मुळात नसतातच.

पुतण्याचं म्हणणं, वाशीची प्रत खरी धरून बाकीच्या पुसाव्यात. काकांचं म्हणणं, ऑफिसची खरी धरावी. दोघांनाही आपल्या यंत्रावर दिसतं तेच पूर्ण वाटत होतं.

तिसरा मार्ग वेळखाऊ होता. तिन्हीकडे सिंक बंद करायचं, प्रत्येक यंत्रावरची प्रत बाहेर काढायची, खरा हिशोब कागदावरून ठरवायचा, आणि मगच बिघाडाला हात लावायचा. एक अख्खा दिवस जाणार होता आणि तो हंगामातला दिवस होता. तरीही तोच निवडला, कारण नऊ दिवसांच्या नोंदी फक्त शेडच्या लॅपटॉपवरून आलेल्या प्रतींमध्ये होत्या.

काय केलं

वनड्राइव्हमध्ये 'पॉज' २, ८ किंवा २४ तासांचा मिळतो आणि वेळ संपली की सिंक आपोआप सुरू होतं. म्हणून पॉज न करता तिन्हीकडे प्रोग्रामच बंद केला. लॅपटॉप झोपेतून उठवताना तो परत चालू झालेला नाही ना, हे दरवेळी पाहिलं.

एका बाहेरच्या डिस्कवर 'ऑफिस', 'शेड', 'वाशी' अशी तीन फोल्डर केली आणि ज्या फायलींवर हिरवी खूण आहे, म्हणजे ज्या खरोखर त्या यंत्रावर आहेत, तेवढ्याच कॉपी केल्या. नुसता ढग असलेली फाइल कॉपी करायला गेलं की ती आधी खाली उतरवावी लागते, आणि वनड्राइव्ह बंद असताना ते होतच नाही. टॅलीचा बॅकअप टॅलीच्या आतूनच घेतला: ऑल्ट-वाय, मग बॅकअप. फोल्डर नुसतं उचलून ठेवणं आणि हे, यांत फरक आहे.

मग हिशोब. सहा फायली एका नव्या वर्कबुकमध्ये सहा शीट म्हणून आणल्या. जुळणीची खूण म्हणून बिल्टी नंबर धरला, कारण तो छापील वहीतून येतो, कुणाच्या यंत्रावर अवलंबून नसतो. प्रत्येक शीटमध्ये एक जादा स्तंभ घालून काउंट-इफने तपासलं, हा नंबर मूळ फायलीत आहे की नाही. मूळ फायलीत १७१ ओळी होत्या. शेडच्या प्रतींमध्ये त्यात नसलेल्या ३२ निघाल्या. '-ऑफिसपीसी' मध्ये नवीन ओळ एकही नव्हती, पण पुतण्याने भरलेले सहा पट्ट्यांचे आकडे फक्त तिच्यात होते, आणि पाच दर जुने होते. 'अंतिम' मध्ये वेगळं काहीच नव्हतं. एकूण २०३ ओळी झाल्या. शेडवरच्या कार्बनच्या वहीत या काळातल्या २०४ बिल्ट्या होत्या. एक कमी का, म्हणून वही चाळली. टेम्पो बंद पडला म्हणून ती बिल्टी रद्द करून आडवी रेघ मारलेली होती. एका ओळीत पेट्या ४८ की ८४ यावर दोन प्रतींचं जुळत नव्हतं. तेही कार्बनवर ४८ असं स्पष्ट होतं. जुळलेली फाइल .एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली.

तारखेच्या स्तंभावर या सगळ्यात कुठेही भिस्त ठेवली नाही. घड्याळ बिघडलेलं यंत्र गटात असेल तर 'शेवटचा बदल' हा पुरावा नसतो.

त्यानंतर घड्याळ. डेस्कटॉप बंद करून, प्लग काढून कव्हर उघडलं. लाईट नसताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या, मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा नंबर सीआर-२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. नवी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते. ही मीटरवर २.३ दाखवत होती. खोबणीच्या पितळी पत्तीला हिरवट पूड धरलेली होती. खाऱ्या दमट हवेत हे नेहमीचं, आणि नवी बॅटरी घालूनही दोन महिन्यांत तक्रार परत येते ती यामुळेच. पत्ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून, वाळू देऊन, अधिकची बाजू वर ठेवून नवी बसवली. बायोसमध्ये तारीख घातली, या वेळी महिना आधी. विंडोजमध्ये येऊन वेळ आणि टाइमझोन पुन्हा पाहिला.

टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समधून बाहेर, वनड्राइव्हच्या हद्दीबाहेरच्या फोल्डरात हलवला आणि टॅलीत नवा पत्ता दिला. कंपनी उघडून शेवटची दोन व्हाउचर पाहिली, मगच जुनी जागा रिकामी केली. आता वनड्राइव्ह चालू केलं. साधारण पाऊण तासात ढग शांत झाला. डेस्कटॉपवर रीसेटची गरजच पडली नाही. रीसेट केलं ते फक्त वाशीच्या लॅपटॉपवर, कारण तिथे वर न गेलेलं असं काही उरलं नव्हतं. ढगाची खूण नाहीशी होऊन दोनेक मिनिटांत परत आली. निवडक फोल्डरांची यादी मात्र पुन्हा भरावी लागली.

राहिल्या तीन लाल फुल्या. या फायली निर्यातीच्या आणि मानांकनाच्या कागदांच्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हे फोल्डर फुगत गेलं होतं आणि नावं वाक्यासारखी झाली होती: बागेचं नाव, गावाचं नाव, प्रमाणपत्राचा प्रकार, साल, 'सही केलेली प्रत'. वनड्राइव्हवर फायलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट, ४०० अक्षरांच्या आत लागतो, विंडोजमधल्या बऱ्याच जुन्या प्रोग्रामना २६०, आणि एक्सेल २१८च्या पुढे कटकट करतं. देवनागरीत ही मोजणी फसवते. 'रत्नागिरी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण संगणक काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजतो, त्यामुळे ती नऊ होतात. 'प्रमाणपत्र' दहा. एकच फाइल ऑफिसात चालते आणि वाशीत अडते याचं कारणही हेच, कारण पत्त्याच्या सुरुवातीला त्या यंत्रावरच्या वापरकर्त्याचं नाव येतं आणि ते वाशीला लांब होतं. एक्सप्लोररमध्ये फायली निवडून 'कॉपी ॲज पाथ' केलं, एक्सेलमध्ये पेस्ट करून अक्षरं मोजणारं लेन सूत्र लावलं, आणि २०० च्या वरची सगळी नावं छाटली.

मध्येच झालेली एक चूक

आवराआवर चालू असताना पुतण्याला 'व्यापाऱ्यांची यादी' नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसल्या. नाव हुबेहूब एक. आणखी एक सिंकची दुहेरी प्रत समजून त्याने एक उडवली. दोन दिवसांनी यंदाचे नवे चौदा व्यापारी यादीतून गायब असल्याचं लक्षात आलं.

एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली विंडोज ठेवूच देत नाही, म्हणजे नावं वेगळी असलीच पाहिजेत. फरक 'ऱ्य'मध्ये होता. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरं साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. मोबाइलवर एक पद्धत, संगणकावर दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखी. लेन सूत्राने मोजलं तर एका नावाची १८ अक्षरं आली, दुसऱ्याची १९. अक्षराचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड सूत्राने एकीकडे २३५३ मिळाला, दुसरीकडे २३५२ आणि पुढे ८२०५. ही सिंकची चूक नव्हतीच, दोन माणसांनी दोन यंत्रांवर केलेल्या दोन स्वतंत्र याद्या होत्या. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रीसायकल बिनमधून फाइल परत आली. वैयक्तिक खात्यावर तिथे ३० दिवसांची मुदत असते. हंगाम संपल्यावर लक्षात आलं असतं तर गेलीच होती.

निकाल

पट्ट्या २० तारखेला जुळल्या. शेडच्या लॅपटॉपवर 'मीटर्डवर सिंक थांबव' ही वनड्राइव्हची सेटिंग बंद केली, आणि त्याच वेळी फोटोंचं फोल्डर त्या यंत्राच्या सिंकमधून वगळून फोटो वेगळ्या जागी जायची सोय केली. हिशोबाची फाइल काहीशे केबीची आहे, ती डेटा पॅक खात नाही. खात होते ते फोटो. हंगाम संपेपर्यंत यंत्राच्या नावाची शेपटी लागलेली एकच प्रत तयार झाली, शेडवर चार तास रेंज नव्हती तेव्हा. ती पंधरा मिनिटांत जुळवली.

वेगळं काय करता आलं असतं

शीट हंगामाच्या आधीच .एक्सएलएसएक्स केली असती तर ऑफिस आणि वाशी यांच्यातला गोंधळ जवळपास टळला असता. शेडचा टळला नसता, कारण तिथे यंत्र जाळ्याबाहेरच होतं. त्यासाठी शेडची स्वतःची वेगळी शीट आणि ऑफिसने ती फक्त वाचायची, ही रचना जास्त बरी. एका फायलीत तीन हात, आणि त्यातला एक रेंजबाहेर, हे मुळातच अवघड आहे.

निर्णयाच्या दोन जागा अशा आहेत जिथे वाद होऊ शकतो. एक, पूर्ण दिवस काम थांबवणं. फक्त शेडचा लॅपटॉप वेगळा काढून बाकीचे दोन चालू ठेवता आले असते. तसं केलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता, पण तेव्हा डेस्कटॉपच्या घड्याळाचं प्रकरण पूर्ण उलगडलं नव्हतं. आज त्याच माहितीवर पुन्हा पूर्ण दिवस थांबणंच योग्य वाटतं. दुसरी, 'पेटी हिशोब'ची व्हर्जन हिस्टरी शेवटी पाहिली, ती सुरुवातीलाच पाहायला हवी होती. वेबवर फायलीवर उजवी टिचकी मारली की जुन्या आवृत्त्या दिसतात. पाच जुने दर कुठून आले हे तिथे दोन मिनिटांत कळलं असतं, वही चाळायला तास गेला.

आवराआवरीत कुणीही काही पुसायचं नाही, 'जुने' नावाच्या फोल्डरात हलवायचं, हा नियम पहिल्या तासातच सांगायला हवा होता. तो यादी हरवल्यानंतर लागू झाला.

दर शनिवारी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा असं ठरलं. पहिले दोन शनिवार घेतला गेला, तिसऱ्या शनिवारी दिवसभर लाईट नव्हती आणि तो सोमवारवर गेला. डेस्कटॉपला जोडायचा यूपीएस आणायचा आहे. शेडवरची कार्बनची वही चालूच आहे.